डावीकडची लाल मिरची

त्या काळात डोळे मिटले की मला बाटल्या दिसायच्या. बोटाएवढ्या, काचेच्या, आत पाण्यासारखं औषध. अंबरनाथच्या एमआयडीसीत इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी तपासणीला होते. समोर एक पाटी असायची, अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर ट्यूबलाइट. चार-पाच बाटल्या मानेला धरायच्या, उलट्या करायच्या, हळूच फिरवायच्या आणि आतलं औषध गरगरत असताना त्यात काही तरंगतंय का ते बघायचं. काळ्या बाजूवर पांढरा तंतू दिसतो, पांढऱ्या बाजूवर काळा कण. दिसला की ती बाटली बाजूच्या ट्रेमध्ये. दिवसभर एवढंच काम.

नवी होते तेव्हा मी सगळं उलटं करायची. हात आधी फिरायचा, नजर मागून धावायची, आणि ती पोचेपर्यंत कण तळाशी जाऊन बसलेला असायचा. शेजारच्या स्टुलावर एक जुनी बाई बसायच्या. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "अगं, नजर पहिले टाक. हात येतो मागनं. त्याला बोलवायला नाय लागत."

आणि खरंच, काही दिवसांनी हात आपला आपण यायला लागला. डोळे पुढच्या बाटल्यांवर गेलेले असायचे आणि हात मागच्या बाटल्या ट्रेमध्ये ठेवत असायचा, मला न विचारता. दुपारी पंख्याच्या घरघरीत मला तंद्री लागायची. वाटायचं, स्टुलावर मी नाहीच, नुसते दोन डोळे आणि दोन हात कामाला बसवून मी कुठेतरी लांब गेले आहे, एखाद्या पाणवठ्यावर, आणि तिथे पाणी हलतंय, त्यात उजेडाचे तुकडे तरंगतायत आणि त्यांतला एकही तुकडा मला उचलून बाजूला टाकायचा नाही. ती तंद्री मला फार आवडायची. आजही आवडते, पण आता ती तशी लागत नाही.

घरी आल्यावरही डोळे गप्प बसायचे नाहीत. ग्लासातल्या पाण्यात, आमटीत, उन्हाच्या कवडशात, जिथे तिथे मी कण शोधत बसायची. आई म्हणायची, "आता माझ्या तोंडाकडं अशीच बघत बसलीस तर मला पण ट्रेमधी टाकशील."

आमचं घर मोरिवलीच्या बाजूला, कारखान्याच्या कुंपणाला टेकलेल्या चाळीत. एकच खोली, पण तिच्यात प्रत्येकाची जागा ठरलेली. बाबा जेवायला बसायचे ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून. त्यांच्या डाव्या हाताला रॉकेलचा स्टोव्ह आणि स्टोव्हपाशी आई. उजव्या हाताला मी. मी एकुलती, त्यामुळे पंगत एवढीच. फळीवर दोन तसबिरी होत्या, त्यांच्यासमोर रोज संध्याकाळी आई मेणबत्ती लावायची, आम्ही तिघं उभं राहून त्रिशरण म्हणायचो आणि मग ताटं मांडली जायची.

ताट वाढायचा आईचा नियम फार कडक. मीठ, ठेचा, कांदा डावीकडे. कालवण, भाजी उजवीकडे. मध्ये भाकरी. घाईत मी कधी मीठ उजवीकडे वाढलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. "आंधळ्याला पण सापडलं पाहिजे कुठं काय आहे ते," ती म्हणायची. तिच्या आईनं तिला तसं शिकवलं होतं आणि देशावरच्या तिच्या गावाकडून तिनं आणलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक होती.

बाबा पत्र्याच्या डब्यांची झाकणं पाडणाऱ्या प्रेसवर कामाला होते. दिवसभर मशीनच्या तोंडाकडे एकटक बघत हात आत घालायचा आणि वेळेत बाहेर काढायचा, असं काम. घरी आले की त्यांना काही बघायचं नसायचं. ताटाशेजारी पेपरची घडी ठेवून मान खाली घालून जेवायचे. आईची लग्नापासून एकच तक्रार. "ताटातून मान वर काढून एकदा तरी बघा. वाढतंय कोण, ते तरी माहीत आहे का?" बाबा म्हणायचे, "चव सांगते की." आई तोंड फिरवून हसायची, पण तक्रार मागे घ्यायची नाही.

एका सकाळी पहिल्या पाळीला निघालेले बाबा दारातच बसले. बसले म्हणजे खाली घसरले. डबा हातातून सुटून गटारापर्यंत गडगडत गेला. चाळीतल्या माणसांनी रिक्षात घातलं, उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. अर्धांगाचा झटका. पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, फिनेलचा वास आणि आईचं ते खाटेच्या पायाशी बसणं तेवढं आठवतं. हळूहळू बोलणं परत आलं. पायही आला, काठी टेकत का होईना. डाव्या हाताची बोटं डॉक्टरांनी दाबून, ओढून पाहिली आणि म्हणाले, ताकद शिल्लक आहे, देव पावला म्हणा. आई म्हणाली, "तुम्ही पावलात." आणि बाबा घरी आले. त्या दिवशी आम्ही चाळभर पेढे वाटले.

संध्याकाळी आईनं सुकटीचं कालवण केलं, भाकऱ्या थापल्या, पाट्यावर ठेचा वाटला. बाबा त्यांच्या जागेवर बसले. निम्मं जेवण झाल्यावर म्हणाले, "ठेचा नाही केलास?"

आईला वाटलं, थट्टा चाललीय. "हाय की समोर."

"कुठं हाय? मीठ पण नाही वाढलंस."

मीठ होतं. ठेचा होता. डावीकडे, त्यांच्या जागी. बाबांचा आवाज चढला. दवाखान्यातून आलेल्या माणसाला अळणी जेवायला घालतेस का, वगैरे. मग ते ताट सारून म्हणाले, पोट भरलं नाही, भाकरी एवढीशीच का केलीस? मी ताटात बघितलं. भाकरीचा उजवा भाग संपला होता आणि डावा भाग तसाच होता, मधोमध सुरीनं कापल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी दाढी केली ती एकाच गालाची. शर्ट घातला तो एकाच बाहीत, दुसरी बाही पाठीवर लोंबत. पेपर वाचायला घेतला तर ओळी अर्ध्यातून वाचून म्हणायचे, आजकाल काय वाट्टेल ते छापतात. आणि संध्याकाळी तसबिरींसमोर उभे राहिले तेव्हा उजवा हात छातीशी आला, पंजा उभा, बोटं जुळलेली, आणि दुसरा हात आलाच नाही. अर्धाच नमस्कार. डावा हात मांडीशी लटकत राहिला, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा. मी तो उचलून जोडायला गेले तर आईनं डोळ्यांनी दटावलं.

हे सगळं आम्ही सहन केलं असतं. पण एका रात्री जेवताना बाबांनी मला विचारलं, "ती कुठं गेली?"

आई स्टोव्हपाशी बसली होती. हात लांब केला असता तर बाबांच्या खांद्याला लागला असता. मी म्हटलं, "इथंच आहे की." बाबांनी समोर दाराकडे बघितलं. "पाण्याला गेली असेल," म्हणाले आणि जेवायला लागले. आईनं तवा खाली उतरवला, स्टोव्ह बंद केला आणि कळशी घेऊन बाहेर गेली. घरातली सगळी भांडी भरलेली होती.

जांभूळ गावाहून आत्या आली, बाबांची थोरली बहीण. तिनं भावाच्या हातावरून हात फिरवला, रडली, कबुतराच्या रक्तानं मालिश करायला सांगितलं आणि जाताना आईला बाजूला घेऊन म्हणाली, "वहिनी, त्याचं मन उडालंय तुझ्यावरनं. काय बोलली होतीस त्याला?" त्या रात्री भांडी घासताना आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "मरणाच्या दारातनं परत आले, आणि मला तिकडंच ठेवून आले." मला आत्याचा इतका राग आला की ती गेली ते बरंच झालं.

उलगडा झाला तो अगदी येडपटासारखा. एकदा बाबा जेवून हात धुवायला उठत होते, आईनं उरलेली अर्धी भाकरी तशीच असलेलं ताट उचललं, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून पुन्हा तिथेच ठेवलं. ठेवताना ताट फिरलं. बाबांनी खाली बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आत्ता वाढलास होय ठेचा!" आणि परत बसून उरलेली भाकरी, ठेचा, कांदा सगळं मिटक्या मारत खाल्लं.

आई ताटाकडे बघत राहिली. मग तिनं एक वाटी बाबांच्या उजवीकडे धरली आणि त्यांच्या नाकासमोरून हळूहळू डावीकडे नेली. बाबांचे डोळे वाटीबरोबर आले, आले, आणि मध्येच थांबले. वाटी पुढे गेली, डोळे तिथेच राहिले, जसं पुढे काही नव्हतंच. आई म्हणाली, "राग नाही गं माझ्यावर. डावी बाजूच नाही त्यांच्याकडं." आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. बाबा उजवीकडे, माझ्याकडे बघून विचारत होते, "कोण रडतंय?"

तेव्हापासून आई रोज जेवणाच्या मध्यावर ताट फिरवायची. तिला त्याचा मोठा अभिमान. डॉक्टरला जे जमलं नाही ते तिच्या हातानं जमलं होतं.

कुणीतरी सांगितलं म्हणून आम्ही बाबांना उल्हासनगर कॅम्प एकमध्ये एका बाईंकडे घेऊन गेलो. सिंधी बाई, पिकलेल्या केसांच्या, कापडाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर अर्धांग झालेल्यांना व्यायाम शिकवायच्या. खाली गठ्ठे उतरवणाऱ्यांचा गलका आणि वर एकदम शांत, खिडकीतून कोऱ्या कापडाचा वास. बाईंनी टेबलावर बटणं पसरली आणि बाबांना म्हणाल्या, "सब उठाओ, दादा." बाबांनी उजव्या हातानं उजवीकडची सगळी बटणं उचलून डबीत टाकली. "हो गया?" "हो." डावीकडची बटणं तशीच पडून होती.

बाई त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि टेबलावर टिचकी मारायला लागल्या. टिक. टिक. टिक. "इधर देखो. और थोडा. और." बाबांची मान पावसाळ्यात फुगलेल्या दारासारखी अडत अडत वळली. आणि डोळे बटणांवर पोचले.

त्या क्षणी ते झालं. कित्येक दिवस मांडीवर पडून असलेला डावा हात उठला. कुणी सांगितलं नव्हतं, बाबांनाही कळलं नव्हतं. तो आपला उठला, टेबलावर गेला आणि त्यानं एक पांढरं बटण चिमटीत धरलं. नजर पहिले टाक, हात येतो मागनं. स्टुलावरच्या त्या बाई जणू माझ्या कानात बोलल्या. मी हे रोज करत होते, दिवसभर करत होते, आणि ते किती मोठं आहे हे मला तिथे, त्या कापडाच्या वासात कळलं.

"हाथ को कुछ नहीं हुआ है," बाई आईला म्हणाल्या. "नजर जिधर जाती नहीं, हाथ उधर काहे को जाएगा? हाथ बेचारा बैठा है, कोई बुलाए तो आए."

आईनं मग घाईघाईनं, मोठ्या उत्साहानं ताट फिरवायची युक्ती सांगितली. बाईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नहीं माई. थाली मत घुमाना. तुम थाली घुमाओगी तो ये कभी नहीं घूमेगा."

"मग उपाशी राहतील की."

"भूख लगेगी तो ढूँढेगा. लेफ्ट में कुछ लाल चीज रखो. बोलो, लाल दिखने तक देखो. तुम किधर बैठती हो?"

आईनं स्वतःच्याच डाव्या खांद्याला हात लावला. "इथं. डावीकडं. पण तिथं मी दिसतच नाही त्यांना."

"इसीलिए," बाई म्हणाल्या. "उधर ही बैठो. उधर से हिलना नहीं."

परत येताना बसमध्ये आई बाबांच्या शेजारी बसली. बाबा खिडकीशी बसून पेंगत होते. अंबरनाथ आलं तेव्हा ती म्हणाली, "स्टोव्ह त्या बाजूला नेला तर आजच्या आज दिसेन मी." मी म्हटलं, "मग ने ना! एवढं काय त्यात? रोज मेल्यासारखं कशाला बसायचं तिथं?" मी चिडले होते. बाईंवर, आत्यावर, बाबांच्या त्या अडणाऱ्या मानेवर.

त्या संध्याकाळी तिनं सगळा स्वयंपाक आधी उरकला आणि जेवताना माझ्या जागेवर, बाबांच्या उजव्या हाताला येऊन बसली. बाबांनी तिला लगेच बघितलं. चेहरा असा झाला जसं कुणी फार दिवसांनी गावाहून आलंय. "आलीस?" म्हणाले.

"आले," आई म्हणाली.

मग दोघं बोलत बसले. काय बोलले ते अगदीच साधं होतं, कुणाच्या मुलाचं लग्न, रॉकेलची रांग, सुकट महाग झाली. पण मी डावीकडे बसून, बाबांना न दिसता ते ऐकत होते, आणि मला वाटलं, मी बाटलीच्या काचेतून दोन माणसं बघते आहे, गोल गोल फिरणाऱ्या उजेडात, आणि त्या उजेडात एकही कण नाही. आई किती सुंदर दिसत होती. माझी आई सुंदर आहे हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती परत स्टोव्हपाशी जाऊन बसली. मी बघितलं तर म्हणाली, "एक दिवस पुरे."

मग सुरू झालं ते मिरचीचं. आईनं सुकी लाल मिरची, लांब देठाची, ताटाच्या डाव्या काठाला ठेवली. बाबांनी घास घ्यायच्या आधी ती शोधायची.

"मिरची बघा."

"कुठाय?"

"डावीकडं."

बाबा मान एवढीशी वळवायचे आणि म्हणायचे, नाही. "अजून थोडं," आई स्टोव्हपाशी बसून म्हणायची. मान अजून वळायची. "अजून थोडं." बाबा वैतागायचे, शिव्या द्यायचे, एकदा त्यांनी ताटच लोटून दिलं आणि कालवण भिंतीला लागलं. भुकेजलेल्या माणसाला असं झुलवत ठेवायचं म्हणजे काय छळ आहे! मला उठून ताट फिरवावंसं वाटायचं. आईलाही वाटत असणार, कारण तिचे हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले असायचे. पण आवाज तोच. "अजून थोडं. अजून थोडं. हां." त्या "हां"ची मी इतकी वाट बघायची की कंपनीत बाटल्या फिरवतानाही तो मला ऐकू यायचा.

हळूहळू मिरची लवकर सापडायला लागली. मिरची सापडली की मीठ सापडायचं, ठेचा सापडायचा, भाकरी पूर्ण संपायची, आणि नजर गेली की डावा हातही मागोमाग जाऊन कांदा उचलायचा. पण ताटाचा काठ संपला की बाबांचं जग संपायचं. त्यापलीकडे बसलेला आवाज म्हणजे बहुधा रेडिओसारखं काहीतरी असावं त्यांच्यासाठी. ते त्या आवाजाचं ऐकायचे, पण त्याला शोधायचे नाहीत.

थंडीचे दिवस होते. स्टोव्हचं भोक बुजलं होतं आणि आई पिन घेऊन त्यात गुंतली होती. केस सुटलेले, नाकावर काजळी. तिनं ताट आधीच वाढून ठेवलं होतं आणि "मिरची बघा" म्हणायचं विसरली होती. बाबांनी आपले आपणच मान वळवली. मिरची सापडली. तिथे थांबायचं, तर थांबले नाहीत. तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "अजून थोडं." मान वळत राहिली. ताटाचा काठ गेला, फरशी गेली, पाण्याचा तांब्या गेला. आई खाली बघून पिन मारत होती, तिला काहीच माहीत नव्हतं.

बाबांची नजर तिच्यापाशी पोचली आणि तिथे राहिली.

"तू कधीपासून बसलीस इथं?" बाबांनी विचारलं.

आईनं वर बघितलं. तिच्या हातातली पिन तशीच राहिली. मग म्हणाली, "लग्नापासनं."

बाबांचा डावा हात मांडीवरून उठला. हवेत जरा चाचपडला, मग पुढे गेला आणि त्यानं स्टोव्हच्या तोंडाशी लोळणारं आईच्या पदराचं टोक धरून बाजूला सारलं. एवढंच केलं. मग हात परत आला आणि कांदा उचलून भाकरीबरोबर तोंडात घातला. आईला रडू आवरेना, आणि मलाही नाही, आणि बाबा दोघींना विचारत राहिले की मिरची इतकी तिखट आहे का.

पुढची वर्षं फार गोड गेली. कंपनीनं बाबांना प्रेसवर परत घेतलं नाही, स्टोअरमध्ये बसवलं, आणि आम्ही मनातल्या मनात कंपनीचे आभार मानले, कारण त्या मशीनपुढे अर्धी नजर म्हणजे अर्धी बोटं. संध्याकाळी नमस्कार पुरता व्हायचा. आणि जेवताना पहिला घास मोडायच्या आधी बाबा मान डावीकडे वळवायचे, मिरची बघायचे, मग अजून थोडं जाऊन आईकडे बघायचे. रोज. ज्या माणसानं सगळा संसार ताटात मान घालून केला, तो आता तिला बघितल्याशिवाय जेवत नव्हता. आई लाजायची. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की जेवणाआधी ती केस विंचरून घेते. मग पावडरचा हलका हात. मग कधीमधी अबोलीची वेणी. मी चिडवायची, "काय हे, या वयात!" ती म्हणायची, "बाईंनी सांगितलंय. उपचार आहे तो."

माझं लग्न झालं, मी बदलापूरला आले. नव्या इमारती उठत होत्या, बाल्कनीतून लांबवर डोंगर दिसायचे. तपासणीचं काम सुटलं, चष्मा लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका पावसाळ्यात आई गेली. थोडं आजारपण, आणि गेली. कंपनीतून आधीच सुटलेले बाबा मोरिवलीची खोली बंद करून माझ्याकडे राहायला आले. बोलायचे कमी, चालायचे बरे, दाढी दोन्ही गालांची करायचे.

माझ्या घरी उभ्याचा ओटा. बसून स्वयंपाक कुणीच करत नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना हॉलमध्ये भिंतीला पाठ लावून बसवलं, ताट वाढलं, मीठ-ठेचा डावीकडे, काठाला लाल मिरची. बाबांनी मान वळवली. मिरची बघितली. मान पुढे गेली. तिकडे नुसती भिंत होती, नवी, चुना दिलेली. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग जेवले.

रोज तसंच. आठवड्याभरात मला ते बघवेना. वाटलं, ही सवय आता मोडलेली बरी. एका संध्याकाळी मिरची वाढलीच नाही. बाबा ताटाकडे बघत बसून राहिले, घासच घेईनात. शेवटी मी उठून मिरची आणून ठेवली. मग मी ठरवलं, मिरची राहू दे, भिंत तरी नको. दुसऱ्या दिवशी माझं ताट घेऊन मी त्यांच्या डाव्या हाताला, भिंतीला लागून बसले. जिथे ती बसली असती तिथे. केसही विंचरले होते, का ते मलाच माहीत नाही.

बाबांनी मान वळवली. मिरची. मीठ. ठेचा. मग माझा गुडघा, माझा हात, मग मी. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर येऊन थांबले. ते हसले. मला हायसं वाटलं, वाटलं, जमलं.

"अजून थोडं," बाबा म्हणाले.

आणि मान माझ्यावरून पुढे गेली. जिथवर जाते तिथवर गेली, माझ्या खांद्यामागच्या भिंतीपर्यंत. डावा हात मांडीवरून उठला, माझ्या पदराजवळून गेला आणि पलीकडच्या रिकाम्या हवेत काहीतरी हलकंसं धरून बाजूला सारल्यासारखा हलला. मी जागची हलले नाही. मग त्यांनी मान परत आणली आणि भाकरी मोडली.

"मीठ कमी आहे का?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "बरोबर वाढलंय तिनं."